जंगल किती आत गेल्यावर सुरू होतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय पन्नाशीच्या आसपास. कॉलेजच्या दिवसांत सह्याद्रीतले बरेच किल्ले चढल्या आणि तेव्हापासून कविता लिहितात. गेली काही वर्षं ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. घरात काठीवर भागतं, लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. बोटं आखडतात, त्यामुळे पेन फार वेळ धरवत नाही. त्यांच्या कविता कट्ट्याने फेब्रुवारीत बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये फिरत फिरत निसर्गकविता लिहिण्याचा बेत केला आहे. यांनाही येता यावं म्हणून संयोजक बाईंनी पायवाट सोडून डांबरी रस्त्याचा मार्ग ठरवला. त्यावर ग्रुपवर एकीने लिहिलं, "मग जंगलात जाऊन उपयोग काय? सोसायटीच्या बागेतच बसू की." मिस्टर म्हणतात, "तू गाडीत बस, आल्यावर त्या वाचून दाखवतील." शिवाय पूर्वी एका कार्यक्रमात मैत्रिणीने यांच्या काठीवर 'जिद्द' नावाची कविता वाचली होती, ते अजून सलतंय. त्या विचारतात : लग्नाचं निमित्त सांगून सरळ नाही म्हणू का? आणि डांबरी रस्त्यावर खुर्चीत बसून खरी निसर्गकविता होईल का? सोबत त्यांनी जुन्या दोन कविता पाठवल्या आहेत.

ताई,

लग्नाचं निमित्त नको. जायचं नाही असं तुम्ही ठरवलंत तर तो तुमचा निर्णय, आणि तो कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. अंग दुखतंय, गर्दी नको वाटते, त्या कट्ट्यात मन रमत नाही, ही सगळी न जाण्याची सरळ कारणं आहेत. पण "माझ्यामुळे बाकीच्यांचं जंगल हुकेल" हे कारण मी तसंच मान्य करणार नाही. त्यात दोन गोष्टी तुम्ही न तपासता धरून चालला आहात. एक, जंगल कुठेतरी आत असतं. दोन, कविता पायपिटीतून मिळते.

आधी जंगलाचं बघू. बोरिवलीचं उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि गेटपासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता त्याच्या पोटातूनच जातो. फेब्रुवारीत त्या जंगलात साग पानं टाकत असतो, काटेसावर अंगावर एकही पान न ठेवता लाल फुलांनी भरते, पळस पेटायला लागतो. काटेसावरीच्या फुलातल्या मधासाठी कोतवाल, बुलबुल, साळुंक्या भांडत असतात, आणि त्यांना खाली डांबर आहे की माती याच्याशी काही देणंघेणं नसतं. बिबट्यासुद्धा रात्री मोकळी वाट आणि रस्ता पसंत करतो, कारण त्यावर चालणं सोपं आणि आवाज कमी. रस्ता म्हणजे जंगलाच्या बाहेरची जागा, ही समजूत फक्त आपली. ग्रुपवर "उपयोग काय" असं लिहिणाऱ्या बाईंनाही हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं, आणि ते कुणीतरी तुम्हीच असायला हवं असं नाही.

आता पायपिटीचं. तुमच्या दोन्ही जुन्या कविता मी पुन्हा पुन्हा वाचल्या. पहिल्या कवितेत वारा आहे, धुकं आहे, कातळ आहे आणि तुमचा दम आहे. झाड एकही नाही. हे साहजिक आहे. चढताना नजर पावलांवर असते, पुढचा दगड हलतो की नाही यावर असते, आणि वर पोचल्यावर माणूस आधी दरीकडे आणि मग डब्याकडे बघतो. दुसऱ्या कवितेत मात्र एक ओळ अशी आहे की मी तिथे थांबले : गडावरच्या टाक्यात तुम्ही बोट बुडवता आणि पाण्यावर चालणारे किडे त्या बोटाभोवती जागा करून देतात. तुमच्या दोन्ही पानांवरचं सगळ्यात चांगलं निरीक्षण ते. आणि ते तुम्ही बसल्या जागी केलंय. टाक्याच्या काठावर, पाय मोकळे सोडून. चढ तुम्हाला त्या टाक्यापर्यंत घेऊन गेला, हे खरं. पण ओळ तुम्हाला थांबण्याने दिली.

हे मी तुमची समजूत काढायला लिहीत नाही. गड चढणं गेलं याचं दुःख खरं आहे, आणि डांबरी रस्त्यावरची कितीही चांगली सकाळ त्याची भरपाई करणार नाही. खुर्चीतून जग अधिक सुंदर दिसतं असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. उंची बदलते, एवढंच. बसलेल्या माणसाचे डोळे साधारण चार फुटांवर असतात. तिथून पानांची खालची बाजू दिसते, खोडावरून जाणारी मुंग्यांची रांग तोंडासमोर येते, उलट झुडपापलीकडची दरी दिसतच नाही. दोन्ही गोष्टी कवितेत येऊ द्या. जे दिसत नाही, पण आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही एकदा तिथे उभ्या होतात, त्याचीही कविता होते, आणि ती लिहिण्याचा तुमच्याइतका हक्क त्या गटात कदाचित दुसऱ्या कुणाचा नसेल.

"माझ्यासाठी मार्ग बदलला" या ओझ्याबद्दल. तुमच्या कट्ट्यातल्या बायकांची वयं तुम्ही लिहिलेली नाहीत, पण अशा गटात गुडघे दुखणाऱ्या, चक्कर येणाऱ्या, घाईची लघवी लागणाऱ्या, पडायच्या भीतीने पावसाळ्यात घराबाहेर न पडणाऱ्या किती असतात हे मला माहीत आहे. त्या बोलत नाहीत इतकंच. तुमचं चाक दिसतं म्हणून नाव तुमचं झालं. सपाट मार्ग, बसायला जागा, ठरलेला स्वच्छतागृहाचा थांबा हे एकीसाठी केलं की चौघींना मोकळा श्वास मिळतो. आणि ही कुणाची मेहेरबानीही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं २९वं कलम सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काबद्दल आहे. ती जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आहे, कविता कट्ट्यावर नाही. तरी कट्ट्याने आपणहून तेच केलं असेल, तर संयोजक बाईंचे आभार माना आणि माफी मागू नका.

काही गटांत एक मधला मार्ग सुचवला जातो : ज्यांना जमेल त्यांनी पायवाटेने जावं, बाकीच्यांनी रस्त्यावर थांबावं, शेवटी एकत्र वाचावं. पहिल्या वेळी मी याला नाही म्हणेन. दोन गट झाले की एक फिरणाऱ्यांचा आणि एक वाट बघणाऱ्यांचा होतो, आणि वाट बघणाऱ्यांकडे पर्सा सांभाळायला येतात. पुढे कधी सगळ्या एकमेकींना ओळखू लागल्या, की वेगळं फिरून एकत्र जमायलाही हरकत नाही. मिस्टरांचा "गाडीत बस" हा सल्ला काळजीपोटीच आलेला आहे, पण त्यांना काळजी नेमकी कशाची वाटते ते विचारा. खुर्ची उतारावर घसरेल याची? दुखलं तर परत कसं आणायचं याची? त्याची उत्तरं पाहणी केली की मिळतात. त्यांनाच पाहणीला न्या.

पाहणी हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. तुमच्यासारखे आणखी वाचक आहेत, आणि अशा फेऱ्या काढणारेही हे सदर वाचतात. आधी एक दिवस संयोजक बाई, तुम्ही किंवा तुमची खुर्ची ढकलणारं माणूस, असं दोघा-तिघांनी तो मार्ग खरोखर जाऊन बघावा. सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवा. कान्हेरीपर्यंतचा रस्ता एका बाजूने सहा-सात किलोमीटर आहे आणि पुढे चढ लागतो. तेवढं जायचंच नाही. गेटजवळच्या सपाट भागातला एखादा किलोमीटर कवितेला भरपूर झाला. चढ दिसला तर ढोबळ माप असं : रॅम्पसाठी आपल्याकडे बारा फूट लांबीला एक फूट उंची हे प्रमाण धरतात. त्याहून तीव्र चढावर ढकलणाऱ्याचा दम जातो आणि बसणाऱ्याचा जीव. उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे पाठ उताराकडे करून, हळूहळू उतरवायची. पुढची छोटी चाकं खडीत आणि मुळांत अडकतात, म्हणून रस्त्याची कड सोडताना आधी जमीन बघायची. थांबलं की ब्रेक, प्रत्येक वेळी, अर्ध्या मिनिटासाठी असला तरी. आणि खुर्चीच्या मुठींना हात लावण्याआधी तुम्हाला विचारायचं, हे संयोजकांनी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकावं, म्हणजे तुम्हाला दर वेळी सांगत बसावं लागणार नाही.

बसायच्या जागा मोजा. काठीवर चालणाऱ्यांना दोन बसायच्या जागांतलं अंतर हेच खरं अंतर असतं. बाक नसतील तिथे घडीची दोन-तीन स्टुलं बरोबर न्या. स्वच्छतागृह कुठे आहे, त्याला पायरी आहे का, दार किती रुंद आहे, आत कडी लागते का, हे सगळं बघून घ्या. कितीतरी बायका स्वच्छतागृहाचं माहीत नसतं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि फेब्रुवारीच्या उन्हात मग डोकं धरून बसतात.

वेळेबद्दल आग्रह धरा. पक्षी बघणारे सहा-साडेसहाला निघतात. तुमच्या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला तास-दीड तासही लागतो. म्हणजे साडेसहाला बोरिवलीला पोचायचं तर तुम्हाला तीनला उठावं लागेल. साडेआठची वेळ मागा. पक्षी थोडे कमी बोलतील, पण तुम्ही तिथे असाल.

आणखी एक गोष्ट, जी चांगले चांगले संयोजक विसरतात. पुढचे लोक भराभर जाऊन थांबतात, गप्पा मारतात, आणि सगळ्यात मागचं माणूस पोचलं की "चला" म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. शेवटचं माणूस पोचल्यावर थांबा सुरू होतो, असा नियम करा. लिहिण्याची वेळही तिथून मोजा.

'जिद्द' कवितेचं तुम्हाला सलतं, ते मला अगदी समजलं. त्या मैत्रिणीच्या मनात वाईट नसेल, पण तिने काठी पाहिली आणि तुम्हाला पाहायचं राहून गेलं. यावरही उपाय आधीच करता येतो. फेरीच्या सुरुवातीला संयोजकांनी एवढंच सांगावं : आज जे समोर आहे त्यावर लिहू, बरोबरच्या कुणावर लिहायचं असेल तर तिला विचारून. हे तुमचं नाव न घेता सांगता येतं. शिवाय जुन्या कवितेबद्दल त्या मैत्रिणीशी एकदा बोलायचं असेल तर बोला. फेरीच्या दिवशी मात्र नको.

आता लिहायचं कसं. बोटं साथ देत नसतील तर जंगलात लिहूच नका, बोला. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचायच्या, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं त्या उतरवून घ्यायची. आज तुमच्या हातात फोन आहे. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय चांगली आहे, पण जंगलात रेंज जाते आणि झाडांची नावं भलतीच उमटतात, म्हणून साधं रेकॉर्डिंग बरं. त्यात तुमचे थांबेही राहतात, आणि कुठे ओळ तोडायची ते पुष्कळदा त्या थांब्यांवरूनच घरी गेल्यावर कळतं. एखादी मैत्रीण उतरवून घेणार असेल तर तिला एकच अट घाला : शब्द सुधारायचे नाहीत.

एका जागी वीस मिनिटं बसा, एकाच गोष्टीपाशी. समजा, खाली पडलेलं सागाचं पान. ते मांडीवर घ्या. आकाराने सुपाएवढं, वरून खरखरीत. उन्हासमोर धरलंत तर कदाचित असं पान हाताशी येईल की किड्यांनी मधला सगळा गर खाऊन टाकलाय आणि नुसती शिरांची जाळी उरलीय. सागाच्या जंगलात अशी पानं खूप मिळतात. त्या जाळीतून पलीकडचं माणूस दिसतं, चौकोनाचौकोनांत. तळव्यात चुरगाळल्यावर आवाज कसा येतो? तुमच्या सुजलेल्या बोटांना तो खरखरीतपणा टोचतो की बरा वाटतो? या प्रश्नांची उत्तरं सरळ बोलून ठेवा. 'सुंदर', 'मनमोहक', 'निसर्गाची किमया' हे शब्द त्या दिवसापुरते घरी ठेवा, कारण ते शब्द आले की पान दिसेनासं होतं. दुखतंय तर दुखतंय हेही येऊ द्या; निसर्गकवितेत कवीचं शरीर येऊ नये असा काही नियम नाही. पाहून झालं की पान तिथेच ठेवून या. राष्ट्रीय उद्यानातून काही तोडायचं नाही आणि काही घरी न्यायचं नाही.

झाडांची नावं येत नसतील तर लाजू नका, विचारा. गटात एखादी तरी ऐन आणि किंजळ वेगळे सांगणारी असते. तिला कवितेपेक्षा झाडं जास्त कळत असतील, तिलाही त्या दिवशी गटात मान मिळेल.

सगळ्यांनी मिळून एक कविता करायची असेल तर आपल्याकडची जुनी रीत घ्या. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी ओवी जोडत जायच्या, एकीने सोडलेला धागा दुसरी उचलायची. तशीच प्रत्येकीने एक ओळ म्हणायची आणि पुढचीने आधीच्या ओळीतला एक शब्द घेऊन आपली ओळ करायची. यात कुणाच्या हातात पेन आहे, कोण किती चाललं याने काही फरक पडत नाही. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांनाही हे जमतं, आणि आवाजांच्या ओळी पुष्कळदा त्यांच्याकडून येतात. ऐकू कमी येणारी मैत्रीण असेल तर मात्र प्रत्येक ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फिरवा, नाहीतर ती बाहेर पडते. शेवटी वाचून दाखवणं ऐच्छिक ठेवा. काही कवितांना घरी जाऊन मुरायला वेळ लागतो.

बोरिवली या वेळी नाहीच जमलं तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान डोक्यात असू द्या. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांचं. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत; त्यावर झाडं लावून १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. खरं जंगल कोणतं यावर तुमच्या कट्ट्यात वाद व्हायचाच असेल तर तो त्या झाडांखाली बसून व्हावा असं मला वाटतं. तिथेही आधी फोन करून वाटा, पायऱ्या आणि स्वच्छतागृहाची चौकशी करा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

संयोजक बाईंना आजच निरोप पाठवा. हवा तर हाच वापरा : "मार्ग बदललात, बरं वाटलं. मी येणार आहे. वेळ साडेआठची ठेवता येईल का? आणि त्याआधी एकदा पाहणीला जाऊ, मी आणि मिस्टर येतो. मला लिहून घ्यायला कुणी नको, मी रेकॉर्ड करीन. खुर्चीला मदत लागेल तेव्हा मी सांगेन." यापेक्षा जास्त खुलासा करू नका.

आणि ठरलेल्या दिवशी पहाटे उठल्यावर हात-पाय सुजलेले असतील तर जाऊ नका. औषध घ्या, झोपा. तसं झालं तर वाईट वाटेल, म्हणून आत्ताच संयोजकांना सांगून मार्चच्या सुरुवातीची आणखी एक तारीख ठरवून घ्या. तोवर पळसही पुरता फुललेला असेल, आणि पहिल्या फेरीला ज्यांना काही ना काही कारणाने येता आलं नाही त्या सगळ्यांना ती उपयोगी पडेल.